अक्का, हाजीसाहेब आणि पिस्तुलाची मॅगझिन्स

परमेश्वर जर कधी आमच्या अक्कांसमोर प्रकट झाला असता, तर त्यांनी नमस्कार नक्की केला असता. पण त्याआधी त्याला दोनचार वेळा अंतर्धान पावायला आणि पुन्हा प्रकट व्हायला लावलं असतं. "एकदा जमलं ते खरं नव्हे, दाजी. एकदा काय, कुणालाबी जमतंय," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणं त्या देवापासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सर्वांना सारख्याच निष्ठुरपणे लावत.

अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, माझ्या बायकोची सख्खी बहीण. कोल्हापूरच्या. त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणायच्या, आणि पुण्यात वाढलेल्या मला पहिली दोन वर्षं शेजारच्या खोलीत कोणी पुरुषमाणूस आलाय की काय असं वाटायचं. लग्न त्यांनी केलं नाही. कॉलेजात एनसीसीच्या रायफलीनं पदकं मिळवली, मग शाळेत पीटीच्या बाई झाल्या, आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरवण्याची जबाबदारी अंगावर पडली तेव्हा तीही त्यांनी रेंजवरच्या शिस्तीनं पार पाडली. बघण्याच्या कार्यक्रमात सगळे मला पगार आणि पत्रिका विचारत होते. अक्कांनी माझ्या हातात एक घडीची छत्री दिली आणि म्हणाल्या, "उघडा." मी उघडली. "मिटा." मिटली. "आता मी थांब म्हणेपर्यंत करत ऱ्हावा." पोह्यांची बशी गार होईपर्यंत मी छत्री उघडत-मिटत होतो. शेवटी एक काडी निसटली आणि छत्रीनं मान टाकली. सगळे ओशाळले. अक्का मात्र आतल्या खोलीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "छत्री गेली, पण माणूस चिडला नाही. चालंल." माझं लग्न असं ठरलं.

सत्तरच्या दशकात मी बँकेच्या नोकरीसाठी बहारिनला आलो, आणि दोनतीन वर्षांनी ईसा टाउनमधल्या एका शाळेला पीटीच्या बाई हव्यात असं कळल्यावर अक्काही आल्या. अदलियात आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट होता. त्यातली मागची खोली त्यांची झाली. घरात पाऊल ठेवल्यावर त्यांनी आधी दाराची कडी, मग न्हाणीघराचे नळ, मग एसी अशी एकेकाची उलटतपासणी घेतली. एसी त्यांनी इतक्या वेळा बंद-चालू केला की तो खरोखरच बंद पडला. "बघा, आजच कळलं. ऑगस्टात कळलं असतं तर?" असं म्हणून त्यांनी मलाच समजावलं. टॅक्सीवाल्यानं "इंशाल्ला पाच मिनिटात पोचू" म्हटलं की त्या घड्याळ काढून मांडीवर ठेवायच्या. बाजारातून आणलेल्या प्रत्येक डब्याचं झाकण दुकानातच उघडून, लावून, डबा उलटा करून हलवायच्या. मनामाच्या बाजारात अक्का दिसल्या की काही दुकानदार नमाजाची वेळ नसतानाही दुकान अर्धं ओढून घ्यायचे असं माझी बायको म्हणायची.

पिस्तुलाचा प्रवेश शाळेच्या क्रीडादिनी झाला. धावण्याच्या शर्यतीसाठी जे आवाजाचं पिस्तूल असतं, ते ऐन वेळी नुसतंच खट्‌ करू लागलं. मुली वाकून तयार, पिस्तूल खट्‌. मुली परत सरळ. तिसऱ्या वेळी अक्कांनी ते मुख्याध्यापकांच्या हातातून काढून घेतलं, अंबाड्यातला आकडा काढला, आत कुठेतरी खरवडलं, रिकाम्या आभाळाकडे धरून तपासलं आणि असा बार काढला की मुलींच्या आधी पालकच धावले. त्या दिवशी पाहुणे म्हणून एक साहेब आले होते: फौजेतून निवृत्त झालेला ब्रिटिश सार्जंट, परदेशी कंपन्यांतल्या लोकांचा जो नेमबाजीचा क्लब होता त्याच्या रेंजचा कप्तान. त्यानं मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "डू यू शूट, मॅडम?" अक्का म्हणाल्या, "इफ द गन इज गुड."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी मी त्यांना गाडीतून दक्षिणेकडच्या वाळवंटात, त्या क्लबच्या रेंजवर नेऊ लागलो. अक्कांना गाडी येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. त्या पिस्तूल चालवायच्या, मी कानात कापूस घालून मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचायचो. क्लबात तोवर एकही बाई नव्हती आणि हिंदुस्थानीही नव्हता. अक्का एका दमात दोन्ही झाल्या. नऊवारीत नाही, पण पांढरी साडी घट्ट खोचून, पायात कॅनव्हासचे बूट, एक हात कमरेवर आणि दुसऱ्यात पिस्तूल अशा उभ्या राहिल्या की कप्तानसुद्धा आवाज खाली आणायचा. वर्षभरात क्लबच्या चौघांच्या संघात त्यांचं नाव आलं. दुसऱ्या एका क्लबाशी वर्षातून एकदा सामना व्हायचा. त्यात त्या पहिल्यांदाच उतरणार होत्या. घरात आम्ही श्रीखंड केलं. अक्कांनी चक्का पुरेसा टांगलाय का ते बघितलं आणि मग खाल्लं.

नेमकी त्याच सुमारास नवी मॅगझिन्स आली.

मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची पत्र्याची चपटी डबी. तिच्यात गोळ्या एकावर एक रचतात. तळाची स्प्रिंग त्यांना वर ढकलते, आणि तोंडाशी वळवलेल्या दोन कडा एकेक गोळीला धरून ठेवतात. या कडांना ओठ म्हणतात. सगळी मेख त्या ओठांत. "घट्ट मिटलं तर शब्द फुटत न्हाई, आणि सैल सुटलं तर दोन दोन शब्द एकदम," असं अक्का सांगायच्या. गोळी वाकडी वर आली की पिस्तूल अडकतं आणि नेमबाज हात वर करून मूर्खासारखा उभा राहतो. क्लबच्या पिस्तुलांबरोबर आलेली मूळ मॅगझिन्स वापरून वापरून खिळखिळी झाली होती, आणि मूळ कंपनीकडून नवी मागवली तर यायला वर्ष लागायचं. म्हणून क्लबला माल पुरवणाऱ्या हाजीसाहेबांनी दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्यानं त्याच मापात बनवलेली मॅगझिन्स आणून दिली. स्वस्त, चकचकीत, नव्या चमच्यांसारखी.

पहिल्याच शुक्रवारी अक्कांचं पिस्तूल अडकलं. त्यांनी साफ केलं, परत भरलं, परत अडकलं. कप्तान आला, म्हणाला, "मॅडम, मॅगझिन नवं आहे, त्याचा दोष नाही. मनगट सैल पडलं की असं होतं. बायकांचं मनगट नाजूक असतं." तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरोखरच तसं वाटत होतं. अक्का काही बोलल्या नाहीत. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं, कारण त्या बोलत नाहीत तेव्हा काहीतरी होणार असतं. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "यू शूट. सेम मॅगझिन. युवर मनगट." इंग्रजी शब्द आठवला नाही म्हणून त्यांनी स्वतःचं मनगट दाखवलं. कप्तान उभा राहिला. दुसऱ्याच गोळीला त्याचंही पिस्तूल अडकलं. तो लाल झाला, आणि रागावलेली माणसं करतात तसं एकदम दुसऱ्या टोकाला गेला: सगळा माल भिकार आहे, हाजीनं फसवलं, सगळी पेटी परत पाठवा, आपली जुनी मॅगझिन्सच बरी!

इथे कोणीही सुखानं 'हो' म्हटलं असतं. अक्का म्हणाल्या, "नो. जुनंसुद्धा तपासायचं, नवंसुद्धा. एकेक."

"सामन्याला एवढे थोडे दिवस राहिलेत, मॅडम. नेमाचा सराव करा."

"न तपासलेलं मॅगझिन घेऊन मी उभा ऱ्हाणार न्हाई," हे त्या मला मराठीत म्हणाल्या आणि कप्तानाला इंग्रजीत सांगायला लावलं. कप्तानानं त्यावर, मग उभं राहू नका, संघात दुसरा घेतो, असं सांगितलं. तेही मला मराठीत करून सांगावं लागलं. दोन्हीकडचा दारूगोळा वाहणाऱ्या हमालासारखी माझी अवस्था झाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर म्हणजे मॅगझिनचं परीक्षाकेंद्र झालं. पिस्तुलं आणि गोळ्या क्लबच्या लोखंडी कपाटाबाहेर जात नसत, पण रिकाम्या मॅगझिनांना कप्तानानं मनाई केली नव्हती. अक्का संध्याकाळभर आरामखुर्चीत बसून अंगठ्यानं स्प्रिंगा दाबायच्या आणि सोडायच्या. कान लावून ऐकायच्या. टेबलावरून सतरंजीवर मॅगझिन पाडायच्या आणि ओठ फाकले का ते भिंगातून बघायच्या. खालच्या मजल्यावरचे केरळी गृहस्थ एकदा वर येऊन नम्रपणे विचारून गेले की आपल्याकडे रोज नारळ फुटतात ते कोणत्या देवाला? शेजारच्या वहिनींचा तर वेगळाच समज झाला. "अक्कांकडे पेटीभर मॅगझिन्स आलीत म्हणे! त्यांची वाचून झाली की मला द्या हं, इथे दिवाळी अंकसुद्धा मिळत नाहीत," असं त्या माझ्या बायकोला जिन्यात म्हणाल्या. बायकोनं "त्यात वाचायला काही नाही हो" एवढंच सांगितलं, तर त्यांना वाटलं आम्ही आतल्या गाठीचे.

शुक्रवारी रेंजवर गोळ्या घालून खरी परीक्षा. जे मॅगझिन एकदाही अडकलं नाही ते पास. पास झालेल्यांच्या बुडाला अक्कांनी माझ्या बायकोच्या बाटलीतलं नेलपॉलिश लावलं, आणि घरात एकच बाटली असल्यामुळे ते लाल होतं. कप्तानाला वाटलं लाल म्हणजे धोका. त्यानं लाल ठिपक्यांची सगळी मॅगझिन्स बाजूला काढून उरलेली सभासदांना वाटली. त्या दिवशी रेंजवर एकाच वेळी इतकी माणसं हात वर करून उभी होती की शरणागती वाटावी. कप्तानानं चूक कळल्यावर कपाळावर हात मारला आणि तिथून पुढे अक्कांना संघातून काढण्याची भाषा काही केली नाही.

पण हाजीसाहेबांचं काय? त्यांच्या मालाला क्लबात लबाडी म्हटलं गेलं ते त्यांच्या कानावर आलं होतं. अक्कांना हे सहन होईना. "त्यांनी फसवलं न्हाई. त्यांनी तपासलं न्हाई. दोन्ही एक नव्हं, दाजी." नापास मॅगझिन्स एका पिशवीत भरून त्या मला घेऊन मनामाच्या बाजारात गेल्या.

हाजीसाहेब म्हणजे पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेले सत्तरीचे बहारिनी गृहस्थ. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात मुंबईला राहिलेले, म्हणून हिंदी आमच्याहून सफाईदार. मोत्यांचे दिवस संपल्यावर त्यांनी खेळाच्या सामानाचं दुकान काढलं होतं. पिशवी बघूनच त्यांचा चेहरा कडक झाला. चहासुद्धा मागवला नाही, आणि बहारिनी माणसानं चहा मागवू नये म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

"हमारा माल खराब नहीं. मफी खराब, बिलकुल नहीं! चालीस साल से बैठा हूँ इधर."

अक्का त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. कोल्हापुरी हिंदीत म्हणाल्या, "हाजीसाब, मैं टीचर है. मेरे क्लास में चालीस बच्चे. उसमें चार फेल होते. तो क्या मैं स्कूल बंद करता?"

हाजीसाहेबांनी पिशवीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"माल तुम्हारा अच्छा है. ये चार बच्चे फेल हैं, बस. और क्लब का जो ओरिजिनल है ना, उसमें भी फेल निकले."

"ओरिजिनल में भी?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जरा चमक आली.

"उसमें भी. ओरिजिनल क्या आसमान से गिरता है?"

हाजीसाहेबांनी एक मॅगझिन उचललं, तळहातावर घेतलं आणि हलकेच फिरवलं. मोती फिरवायची सवय असलेला तो हात. बराच वेळ बघून म्हणाले, "मोती भी ऐसा ही है, बेटी. थैला देखके कोई नहीं लेता. एक-एक दाना." मग एकदम विचारलं, "और जो बच्चा फेल होता है, उसका क्या करती हो?"

"एक्स्ट्रा क्लास," अक्का म्हणाल्या आणि पिशवीतून पक्कड काढली.

चहा आला. मागून हलवा आला. दुकानातली उरलेली पेटीही आली. ती दोघं समोरासमोर बसून एकेक मॅगझिन उजेडात धरत होती, ओठ किंचित वळवत होती, स्प्रिंगवर कान ठेवत होती. एखाद्यावर मतभेद झाला की हाजीसाहेब म्हणत, "इसको एक मौका दो," आणि अक्का म्हणत, "नहीं, लाडप्यार से बिगडता है." मी गिऱ्हाइकांना बॅडमिंटनची फुलं विकत होतो.

सामन्याच्या दिवशी हाजीसाहेब स्वच्छ थोब घालून प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसले होते, मी आणि माझी बायको त्यांच्या शेजारी. अक्कांनी मुद्दाम त्यांच्याच मालातलं एक मॅगझिन घेतलं होतं. सगळ्या परीक्षांत पहिलं आलेलं. पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. इतक्या की कप्तान मिशी पिळायला लागला. शेवटची फेरी: अडीच मिनिटांत पाच गोळ्या. पहिली सुटली. दुसऱ्या वेळी पिस्तूल अडकलं.

अक्कांनी हात वर केला. नियमाप्रमाणे फेरी एकदा पुन्हा सुरू करायला मिळते, मिळाली. पुन्हा पहिली गोळी सुटली, पुन्हा दुसरी अडकली. आता दुसरी सवलत नव्हती आणि घड्याळ चालू होतं. कप्तान मागून हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पुरे. सोडून द्या." मी हाजीसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

अक्कांनी मान वळवली नाही. अडकलेली गोळी काढली, मॅगझिन खेचून टेबलावर ठेवलं, आणि टेबलावरची एक सुटी गोळी बोटांनी उचलून थेट पिस्तुलात सरकवली. उभ्या राहिल्या, श्वास सोडला, झाडली. खाली वाकल्या, पुढची गोळी. पुन्हा हात लांब, पुन्हा नेम. घाई नाही. चुलीवर भाकऱ्या टाकाव्यात तशी एकामागून एक. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, तोही पुसला नाही. पाचवी गोळी सुटली आणि त्यानंतर लगेच शिट्टी वाजली.

आमचा क्लब हरला. थोडक्यात हरला, पण हरला. कप्तानानं येऊन अक्कांशी हात मिळवला आणि मनगटाकडे बघून म्हणाला, "नथिंग राँग विथ दॅट रिस्ट, मॅडम." अक्का मात्र सरळ हाजीसाहेबांसमोर गेल्या. म्हातारा उठून उभा राहिला.

"मेरे माल ने तेरी नाक काटी, बेटी."

"नहीं, हाजीसाब. माल तुम्हारा, पर पास मैंने किया था." अक्कांचा आवाज मी पहिल्यांदा जरा हललेला ऐकला. "फेल मैं हुई." 'मैं हुई' म्हणाल्या त्या, 'हुआ' नाही. माझ्या बायकोनं ते ऐकलं आणि माझा हात धरला.

त्या मॅगझिनला अक्कांनी पुढे महिनोन्‌महिने छळलं. गोळ्या बदलून, पिस्तूल बदलून, उन्हात तापवून, वाळूचा कण तरी सापडेल म्हणून उकलून. ते पुन्हा एकदाही अडकलं नाही. कारण मिळालं नाही म्हणजे नाहीच. त्याचा त्यांना किती त्रास झाला ते जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा त्यावरून आम्हाला कळायचं. मग एका शुक्रवारी परतताना गाडीत स्वतःहूनच म्हणाल्या, "काही गोष्टींचं कारण घावत न्हाई, दाजी. पण म्हणून तपासायचं सोडायचं न्हाई." दुसऱ्या वर्षीच्या सामन्याला त्या पुन्हा उभ्या राहिल्या; त्याच्या पुढच्याही. एकदा जिंकलोही. हाजीसाहेब दर वेळी पहिल्या रांगेत असत, आणि नवा माल आला की क्लबला कळवण्याआधी आमच्या घरी निरोप धाडत: बेटी को बोलो, नये बच्चे आए हैं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कोल्हापुरात अक्कांच्या आईंची तब्येत ढासळली. अक्कांनी एका संध्याकाळी शाळेला राजीनामा दिल्याचं सांगितलं. आम्हाला विचारलं नाही. विमानतळावर हाजीसाहेब काठी टेकत आले होते, हलव्याचा मोठा डबा घेऊन. अक्कांनी डबा घेतला, झाकणाला हातसुद्धा न लावता पिशवीत ठेवला, आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. म्हातारा गडबडून मागे सरकला, मग त्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बायकोशी त्या दोनच शब्द बोलल्या, माझ्याशी तेवढेही नाहीत. आत जाताना मागे वळून बघितलं नाही.

त्यांना सोडून आम्ही घरी निघालो, पण अदलियाच्या रस्त्याला लागण्याऐवजी गाडी अरादच्या किल्ल्याकडे वळली. मी वळवली की बायकोनं सांगितलं ते आठवत नाही. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. आम्ही किनाऱ्याच्या दगडावर बसलो. मुहर्रकच्या विमानतळावरून एक विमान चढलं. ते त्यांचंच असेल असं काही नव्हतं. तरी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.

"अक्का असती तर आत्ता म्हणाली असती, चला, उठा, ऊन लागतंय," बायको म्हणाली.

ऊन खरंच लागत होतं. आम्ही दोघंही उठलो नाही.